राखून ठेवलेला डाव

द्रोणाचार्यांनी शिकविण्याचा व्यवसाय पत्करला तो पिठाच्या पाण्यापायी. महाभारतातली ही कथा आपण लहानपणी ऐकतो आणि मोठेपणी विसरून जातो. अश्वत्थाम्याला दूध मिळेना म्हणून सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून दिले आणि ते दूधच समजून पोर नाचू लागले. तो प्रकार पाहून बापाला आपले दारिद्र्य असह्य झाले. तो बालमित्र द्रुपदाच्या दारी गेला, तेथून अपमान घेऊन परतला आणि अखेरीस हस्तिनापुरास राजपुत्रांचा शिक्षक म्हणून राहिला. परशुरामाकडून अस्त्रे मिळविलेला हा योद्धा. परंतु इतरांच्या पोरांना धनुष्य कसे धरावे हे दाखविण्यात त्याचे आयुष्य गेले. त्याच्या मुळाशी विद्येची तळमळ जेवढी होती तेवढीच पोटाची काळजीही होती.

भारत सरकारने १९८५ साली क्रीडाशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला तेव्हा त्यास याच द्रोणाचार्यांचे नाव दिले. पहिल्या वर्षी तो तिघांना मिळाला : धावण्याच्या विद्येत पी. टी. उषा हिला घडविणारे ओ. एम. नंबियार, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. कुस्तीला हा मान पहिल्याच पंगतीत मिळाला. टेनिसला मात्र २०२० साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी डेव्हिस चषकाचे जुने खेळाडू व पुढे भारतीय संघाचे कर्णधार झालेले नरेश कुमार यांना हा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडलेली होती. पुरस्कारांच्या याद्यांवरून मोठमोठे सिद्धान्त काढू नयेत हे खरे. तरीही एक प्रश्न मनात राहतोच. खेळणारा माणूस शिकविणारा होतो तेव्हा समाज त्याला वर चढला असे मानतो, की खाली उतरला असे मानतो?

या प्रश्नाचे उत्तर दोन खेळांनी अगदी उलटसुलट दिलेले आहे.

* * *

टेनिस हा इंग्रजांच्या बागेतला खेळ. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली, आणि तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे या खेळावर एका सोवळ्याओवळ्याचे राज्य होते. खेळणारा तो सभ्य गृहस्थ, हौशी. आणि खेळावर पैसा मिळविणारा तो धंदेवाईक. धंदेवाईकाला मोठ्या स्पर्धांचे दार बंद. गंमत अशी, की बक्षिसाचा पैसा घेणाऱ्याप्रमाणेच शिकवणीची फी घेणाराही या धंदेवाईकांतच मोडत असे. एखाद्या पोराला चेंडू कसा मारावा हे दाखवून त्याबद्दल मोबदला घेतला, की त्या माणसाला विम्बल्डनच्या हिरवळीवर स्पर्धक म्हणून पाय ठेवता येत नसे. शिकविणे हा जणू विटाळच.

प्रागचा कारेल कोझेलुह हा या नियमाचा सर्वांत मोठा बळी. आपल्या काळातल्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत त्याची गणना होते. परंतु तो शिकवून पोट भरणारा, म्हणून विम्बल्डन त्याला कधी खेळताच आले नाही. इंग्लंडात डॅन मॅस्केल हा क्वीन्स क्लबात चेंडू वेचणारा पोरगा म्हणून आला, शिकता शिकता शिक्षक झाला आणि १९२९ साली ऑल इंग्लंड क्लबाचा कायमचा शिक्षक म्हणून नेमला गेला. १९३३ साली इंग्लंडने डेव्हिस चषक परत मिळविला तेव्हा त्या संघाची तयारी याच माणसाने करून घेतली होती. धंदेवाईकांच्या स्वतंत्र स्पर्धेत तो वर्षानुवर्षे अजिंक्य राहिला. पण ज्या क्लबात तो शिकवीत होता त्याच क्लबाच्या स्पर्धेत खेळण्याचा अधिकार त्याला नव्हता. १९६८ साली हा भेद मोडला आणि स्पर्धा सर्वांस खुल्या झाल्या, तोवर त्याचे खेळण्याचे वय केव्हाच सरले होते.

आपल्याकडच्या जिमखान्यांतूनही हीच रीत होती. सभासदांना सरावासाठी जोडीदार लागे. तो पुरविण्यासाठी पगारी पोरे ठेवीत, त्यांना ‘मार्कर’ म्हणत. साहेबाचा हात बसावा म्हणून दिवसभर चेंडू परतविणारे हे मार्कर कित्येकदा साहेबापेक्षा सरस खेळत. पण त्यांनी जिंकावयाचे नसे. साहेबाचा खेळ सुधारावा एवढेच त्यांचे काम.

सैयद मोहम्मद हादी यांचे उदाहरण याहून निराळे. बीड जिल्हा ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत होता, त्याच हैदराबाद राज्याचे हे खेळाडू. केंब्रिजला शिकलेले, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळलेले, १९२४ व १९२५ साली डेव्हिस चषकात भारताकडून उतरलेले. आणि पुन्हा रणजी करंडकातले पहिले शतक झळकविण्याचा मानही त्यांचाच. इतके खेळ त्यांना येत, की लोक त्यांना ‘रेनबो’ हादी म्हणत. स्पर्धेचे दिवस संपल्यावर हादी क्रीडासंघटनेच्या कामात पडले आणि पुढे दिल्लीस केंद्रीय शिक्षण खात्यापर्यंत पोहोचले. परंतु हे भाग्य सरदारघराण्याच्या छायेत वाढलेल्या व विलायतेत शिकलेल्या माणसाचे. चेंडू वेचणाऱ्या पोराला ती वाट नव्हती.

* * *

आता तालमीकडे वळू. येथे सगळेच उलटे.

‘वस्ताद’ हा शब्द फारसीतल्या ‘उस्ताद’वरून आपल्याकडे आला आणि तांबड्या मातीत असा रुळला, की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. पैलवान जत्रेचे फड गाजवितो, शड्डू ठोकतो, इनाम घेतो. पण तालमीत वस्ताद आला की हाच पैलवान वाकून त्याच्या पायांना हात लावतो. लढणे थांबले म्हणून वस्तादाचा मान कमी होत नाही. उलट तेथूनच तो वाढतो. टेनिसने शिक्षकाला मागच्या दाराने आत घेतले, तर तालमीने त्याला हौद्याच्या काठावर बसवून सगळ्यांना त्याच्या पाया पडावयास लावले.

परंतु मानाने पोट भरत नाही. वस्तादाने शिकविण्याचे पैसे घ्यावयाचे नाहीत ही तालमीची जुनी रीत. पोराने आपला खुराक आपण आणावा, तालीम झाडावी, हौद्यातली माती खणावी, तीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ राखावी, आणि वस्ताद सांगेल तेवढे जोर नि बैठका माराव्यात. हा संसार चालावयाचा तर पाठीशी कोणी आश्रयदाता हवा. कोल्हापुरास तो शाहू महाराजांच्या रूपाने लाभला. त्यांनी पेठापेठांतून तालमी उभ्या केल्या आणि १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून कुस्तीला राजाश्रयाचे छत्र दिले. मराठवाड्याच्या वाट्याला असे काही आले नाही. येथली कुस्ती जगली ती गावोगावच्या जत्रांवर. हलगी कडाडावी, पंचांनी जोडी लावाव्यात, लहान पोरांना रेवड्या आणि नारळ, मोठ्यांना पटका आणि चार पैसे. पैलवान गावात तयार होई, पण त्याला पुरा घडवावयाचा तर कोल्हापूर किंवा पुणे गाठल्यावाचून गत्यंतर नसे.

मुंबई राज्याच्या काळात, १९५३ साली, मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९६१ साली, महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा भरली ती मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेस. राजे गेले, पण गदा आली. आणि आठ वर्षांनी, १९६९ साली, ती गदा निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड या गावच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने खांद्यावर घेतली. त्याचे नाव हरिश्चंद्र बिराजदार.

* * *

बिराजदार यांचा जन्म १९५० चा. त्यांचे गाव आज लातूर जिल्ह्यात आहे. त्या काळी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते. महाराष्ट्र केसरीच्या पुढच्याच वर्षी, १९७० साली, एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे ते रुस्तुम-ए-हिंद झाले. दिल्लीच्या सतपालशी त्यांच्या झालेल्या कुस्तीची आठवण जुने शौकीन अजून काढतात.

हे दोघेही प्रतिस्पर्धी पुढे शिक्षक झाले, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. सतपालांनी १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि नंतर दिल्लीच्या छत्रसाल मैदानावर पोरे घडविली. त्यांतल्याच सुशीलकुमारने २००८ साली बीजिंगला ब्राँझपदक मिळविले तेव्हा खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतरचा छप्पन्न वर्षांचा दुष्काळ संपला. बिराजदारांनी पुण्यास गोकुळ वस्ताद तालमीत बैठक मांडली. त्यांच्या हाताखाली लातूर, उस्मानाबाद, बीड इकडची पोरे येऊ लागली. स्वतःला ज्या वाटेने घर सोडून जावे लागले, त्या वाटेच्या शेवटी आता हा माणूस उभा होता. एवढ्यानेच नव्या पोराचा अर्धा वनवास संपला असेल. वस्ताद आपल्या बोलीत बोलतो, आपल्याकडच्या पावसापाण्याची चौकशी करतो, ही गोष्ट घरापासून दूर आलेल्या दहाबारा वर्षांच्या मुलाला लहान नसते.

येथे एक जुनी म्हण आडवी येते. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपण म्हणतो. या म्हणीमागची गोष्ट शेख सादीच्या ‘गुलिस्तान’ या तेराव्या शतकातल्या फारसी ग्रंथात आहे. एका मल्लाला तीनशे साठ डाव येत होते. आवडत्या शिष्याला त्याने तीनशे एकोणसाठ शिकविले. शिष्य माजला, राजापुढे गुरूलाच आव्हान देऊन बसला. तेव्हा गुरूने तो उरलेला डाव टाकून त्याला डोक्यावर उचलला आणि आपटला. गोष्ट ऐकताना आपण टाळी देतो. पण क्षणभर थांबून विचार केला तर ही शिक्षकाची गोष्टच नव्हे. ही अजून स्पर्धेतून बाहेर न पडलेल्या पैलवानाची गोष्ट आहे. ज्याला शिष्याशी कधी तरी लढावे लागेल असे वाटते तो डाव राखून ठेवतो. जुन्या काळी ते स्वाभाविकही असेल. वस्तादाची भाकरी त्याच्या अजिंक्यपणावर अवलंबून होती. परंतु ज्याचा शिष्य उद्या परक्या देशात परक्या पैलवानासमोर उभा राहणार आहे, त्या वस्तादाने डाव राखून ठेवला तर त्या डावावर पडणार कोण? त्याचाच शिष्य.

म्हणून खेळाडू शिक्षक केव्हा झाला हे ठरवावयाचे असेल तर त्याने शेवटची स्पर्धा केव्हा खेळली हे पाहून चालत नाही. त्याने शेवटचा डाव केव्हा देऊन टाकला हे पाहावे लागते.

आणि देणे तरी सोपे कोठे आहे? चांगल्या पैलवानाची विद्या त्याच्या अंगात असते, जिभेवर नसते. समोरच्याचा तोल कोणत्या क्षणी गेला आणि आपला हात त्याच्या मानेवर केव्हा पडला, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. शिकवावयाचे म्हणजे ढाक असो, पट काढणे असो, तो डाव आधी मोडून पाहावा लागतो : पाय कोठे, कंबर कोठे, श्वास केव्हा धरावयाचा. हातातली ताकद जाऊन डोळ्यांत यावी लागते. जन्मभर जी गोष्ट विचार न करता केली, तिचा उतारवयात विचार करावयाचा. कित्येक नामांकित मल्लांना हे साधत नाही. त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच जाते.

बिराजदारांच्या पिढीपुढे तर आणखी एक अडचण होती. तालमीतली कुस्ती मातीतली, आणि जगाची कुस्ती गादीवरची. मातीत पाय रुततात, हालचाल सावकाश होते, धिप्पाड पैलवान अर्धा अर्धा तास एकमेकांना जोखीत उभे राहतात आणि पाठ लागली की निकाल. गादीवर तीन तीन मिनिटांचे दोन डाव; पाठ नाही लागली तरी गुण मोजले जातात, वर्तुळाबाहेर पाय गेला तरी एक गुण जातो, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच थांबते. मातीतला गडी ताठ उभा राहतो. गादीवर ताठ उभा राहिला की पट गेलाच. म्हणजे जी सवय लावण्यात पहिली पाच वर्षे जातात, ती मोडण्यात पुढची पाच. ज्या विद्येवर आपण मोठे झालो तिच्यातले काय टाकावे, हे शिष्याला सांगणे म्हणजे आपल्याच आयुष्यावर रेघ ओढण्यासारखे आहे. ते ज्याला जमते तो शिक्षक.

* * *

बीड जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात निघते ते बहुधा दुष्काळाच्या आणि ऊसतोडीच्या संदर्भात. दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटच्या डोंगरातल्या गावांतून बिऱ्हाडे साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ असेच म्हणतात. माणसाचे नाव हत्यारावरून पडते, इतके ते काम अंगाला चिकटलेले. याच भागातून आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे फौजेत गेला. तेथे अमरीशकुमार या शिक्षकाने त्याला साध्या धावण्यातून अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळविले आणि पुढे तो ऑलिंपिकपर्यंत धावला. आणि याच भागातल्या पाटोद्याचा राहुल आवारे.

राहुलचा जन्म १९९१ चा. वडील स्वतः पैलवान. तेव्हा पहिले धडे घरचेच. पुढे तो पुण्यास बिराजदारांच्या तालमीत आला. २०११ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ब्राँझपदक घेतले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बिराजदार निवर्तले. शिष्याचे यश गुरूला पाहावयास मिळाले ते एवढेच.

वस्ताद गेल्यावर पोरांचे काय होते हे तालमीबाहेरच्यांना सहसा कळत नाही. जोर-बैठका चालू राहतात, पण काठावरची जागा रिकामी असते. राहुलच्या बाबतीत ती जागा काका पवार यांनी घेतली. तेही लातूरकडचे, तेही बिराजदारांचेच शिष्य. ग्रीको-रोमन कुस्तीत देशाकडून खेळून अर्जुन पुरस्कार मिळविलेले, आणि मग पुण्याजवळ आपले कुस्ती संकुल उभारून शिकविण्यास लागलेले. म्हणजे बिराजदारांनी दोन गोष्टी मागे ठेवल्या होत्या : एक अर्धा घडलेला पैलवान, आणि त्याला पुरा घडवू शकेल असा एक शिक्षक. पैलवान घडविणारे वस्ताद पुष्कळ होतात. वस्ताद घडविणारा वस्ताद विरळा.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकची वाट राहुलला मिळाली नाही. पंचविशीच्या उंबरठ्यावरच्या मल्लाला चार वर्षे थांब म्हणणे म्हणजे काय, हे खेळाडूच जाणे. तो थांबला. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सत्तावन्न किलो गटाच्या अंतिम कुस्तीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला पंधरा विरुद्ध सात गुणांनी हरविले. एडिनबर्गच्या सुवर्णपदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच स्पर्धेतले सुवर्ण त्या मल्लाच्या शिष्याच्या गळ्यात पडले. पुढच्या वर्षी कझाकस्तानात नूर-सुलतान येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याने एकसष्ट किलो गटात ब्राँझपदक मिळविले. दैवाचा खेळ असा, की हा गट ऑलिंपिकमध्ये नव्हताच! जगातल्या पहिल्या चारांत बसणाऱ्या मल्लाला ऑलिंपिकचे दार वजनाच्या चार किलोंनी बंद ठेवले. २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

अशा मल्लाजवळ जे ज्ञान साठते ते सुवर्णपदक विजेत्याजवळही नसेल. कोणते दार केव्हा बंद होते, वजन कोठे घटवावे, चार वर्षे मन कसे धरावे, पंचाच्या एका बोटाने हातची कुस्ती कशी जाते, हे सारे तो अंगावर शिकलेला असतो. विद्या मिळूनही ज्याचे पुरते समाधान झाले नाही अशा द्रोणाचार्यांच्याच कुळातली ही माणसे. त्यांची विद्या हौद्याकडे परत आली तर पाटोद्याच्या पुढच्या पोराला दहा वर्षे कमी लागतील. न आली तर त्यालाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. मराठवाड्याच्या कुस्तीचा प्रश्न आज पदकांचा नाही. तो या परतण्याचा आहे. आणि तेथे पुन्हा पिठाचे पाणी आडवे येते. खुराकाचा खर्च आज ऊस तोडणाऱ्या बापाच्या आवाक्यातला नाही. फी न घेणारा वस्ताद जगावा कसा, आणि फी घेणाऱ्या संकुलात त्या बापाने पोर धाडावे कसे? टेनिसने शिक्षकाला पैसा दिला आणि मान उशिरा दिला. तालमीने मान आधीच दिला. पैशाचे अजून ठरावयाचे आहे.

* * *

२०२० सालच्या जानेवारीत पुण्यास बालेवाडीच्या संकुलात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एका बाजूस नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूस लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. एकाच हौद्यात रोज एकमेकांशी जोर केलेले, एकमेकांचे सगळे डाव ओळखून असलेले. सादीच्या गोष्टीतल्या त्या मल्लाने या दोघांपैकी कोणाला तीनशे साठावा डाव दिला असता?

तीन विरुद्ध दोन अशा गुणांनी सदगीर जिंकला. जिंकल्यावर त्याने शेळकेला आपल्या खांद्यावर उचलून घेतले आणि मैदानात फिरविले. प्रेक्षकांनी त्याच्या दिलदारीचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण एका गुणाच्या त्या फरकातही वस्तादाची परीक्षा झालेली होती. दोघांनाही सारखेच दिले गेले होते. हातचे काही राखलेले नव्हते.